कातळ न लागणाऱ्या गावाचा नकाशा

सह्याद्रीच्या आसपास कुठेही विहीर खणायला घेतली की दोन-चार पुरुष खोलीवर खणणारा मान वर करून सांगतो, "कातळ लागला." मालकाचा चेहरा पडतो, पहारी बाजूला होतात, सुरुंगाची बोलणी सुरू होतात. पायाखाली खडक आहे हे आपल्याकडे कुणाला शिकवावं लागत नाही. तो अंगणात डोकं वर काढतो, रस्त्याच्या कापात दिसतो, पाट्या-वरवंट्याच्या रूपाने स्वयंपाकघरातही असतो.

तंजावरहून कुंभकोणमकडे जाणाऱ्या रेल्वेने पापनासम सोडलं की पुढचं स्टेशन सुंदरपेरुमाळ कोयिल. विष्णूच्या देवळावरून नाव पडलेलं हे छोटंसं गाव. भोवती भाताची खाचरं, केळीच्या बागा आणि कावेरीच्या फाट्यांचं जाळं. या गावात "कातळ लागला" असं कुणी कधी म्हटलं असेल, असं मला वाटत नाही. इथे खणत गेलं की माती, वाळू, चिकणमाती, पुन्हा वाळू. शेतात औताला अडेल असा दगड नाही. गोफणीत घालायलासुद्धा खडा शोधावा लागेल. भारताचा भूशास्त्रीय नकाशा पाहा. त्यात हा सगळा त्रिभुज प्रदेश एका फिकट पिवळ्या रंगात रंगवलेला असतो. नदीचा ताजा गाळ, एवढाच त्याचा अर्थ.

अशा ठिकाणी शाळेतल्या मुलांना घेऊन गावच्या खडकाचा नकाशा काढायला निघणं हा वेडेपणा वाटेल. मला मात्र वाटतं की खडकाचा नकाशा म्हणजे काय, हे शिकायला याहून चांगली जागा मिळणार नाही. रायगडावर चढणाऱ्या मुलाला खडक फुकट दिसतो, त्यामुळे बहुतेक वेळा तो त्याच्याकडे बघतही नाही. इथल्या मुलाला पुरावे गोळा करावे लागतील आणि न दिसणाऱ्या गोष्टीबद्दल बोलावं लागेल. भूशास्त्रज्ञ तरी दुसरं काय करतात?

पहिला पुरावा नदीत आहे. उन्हाळ्यात फाटा आटला की मूठभर कोरडी वाळू कागदावर पसरायची आणि त्याखालून लोहचुंबक फिरवायचा. वाळूतले काही काळे कण ताठ उभे राहतात आणि चुंबकाच्या मागे सरकायला लागतात. हे मॅग्नेटाइट. उरलेल्या वाळूवर भिंग धरलं की काचेसारखे दिसणारे गारगोटीचे कण, दुधी-गुलाबी फेल्डस्पार, चमकणारा अभ्रक आणि नशीब असेल तर डाळिंबाच्या दाण्याच्या रंगाचा गार्नेट दिसतो. यातला एकही कण या गावचा नाही. कावेरी कोडगूत तलकावेरीला उगम पावते, कर्नाटकच्या पठारावरून उतरते आणि सुमारे ८०० किलोमीटर वाहून समुद्राला मिळते. वाटेत म्हैसूरकडचे खडक आहेत. त्यांतले काही ३०० कोटी वर्षांहून जुने आहेत. पुढे तमिळनाडूत शिरताना गार्नेटने भरलेले, प्रचंड उष्णतेत भाजून निघालेले खडक लागतात. नदी हे सगळं फोडते, घासते, वाहून आणते. म्हणजे गावाला कातळ नाही हे खरं, पण सगळ्या खोऱ्यातल्या कातळाचे नमुने गावाच्या दारात येऊन पडले आहेत. १९३४मध्ये मेट्टूरचं धरण झालं आणि वरून येणारी वाळू पुष्कळशी तिथेच अडली. त्यामुळे आज मुलांच्या मुठीत येणारी बरीच वाळू धरणाआधीची असणार.

वाळूपेक्षा बारीक तो गाळ. तो किती बारीक आहे हे पाहायचं तर पुढच्याच स्टेशनवर, स्वामिमलैला उतरायचं. तिथले स्थपती मेणाचा नमुना करून ब्राँझच्या मूर्ती ओततात. मेणाच्या मूर्तीवर पहिला लेप देतात तो कावेरीकाठच्या मऊ गाळमातीचा. मूर्तीच्या बोटांवरची पेरं, गळ्यातल्या हारातला एकेक मणी हा लेप टिपून घेतो, कारण त्याचे कण तितके सूक्ष्म आहेत. नटराजाच्या अंगठीची नक्षी ज्या मातीने उतरवून घेतली, ती कोणे एके काळी कोडगूच्या डोंगराचा भाग असू शकते. मुलांना असा गाळ दोन बोटांत चोळायला द्यावा, मग वाळू, मग पुन्हा गाळ. पाठ्यपुस्तकातली कणांच्या आकाराची सारणी एरवी लक्षात राहत नाही, ती अशी बोटांना कळते.

दुसरा पुरावा माणसांनी आणलेला आहे. खडक नसलेल्या या प्रदेशात दगडी देवळांची दाटी असावी, ही मोठी गंमत आहे. दोन स्टेशनांवर दारासुरमचं ऐरावतेश्वर मंदिर, बाराव्या शतकातलं. पश्चिमेला तंजावरचं बृहदीश्वर मंदिर, १०१०च्या सुमारास राजराज चोळाने पूर्ण केलेलं, साठ मीटरहून उंच विमान असलेलं. एवढा दगड इथल्या जमिनीतून निघालेला नाही. तो पश्चिमेकडच्या आणि नैर्ऋत्येकडच्या कातळी मुलखातून आणलेला आहे. तिरुचिरापल्लीच्या मध्यात ८३ मीटर उंचीची जी टेकडी सपाटीतून एकदम वर आलेली दिसते, तसल्या मुलखातून. देवळाच्या भिंतीवर नजर टाकली तरी दोन-तीन जातींचे दगड वेगळे काढता येतात: पट्टे असलेला नाइस, ठिपकेदार ग्रॅनाइट, आणि तेलकट, हिरवट-काळी झाक असलेला चार्नोकाइट.

या चार्नोकाइटची ओळख शास्त्राला झाली ती हॉलंड नावाच्या भूशास्त्रज्ञामुळे. थॉमस हॉलंडने १८९३मध्ये या खडकाचं वर्णन केलं. त्यासाठी त्याने तपासलेला दगड कोलकात्यातल्या एका थडग्यावरचा होता, जॉब चार्नॉक या इंग्रज व्यापाऱ्याच्या. गंगेच्या गाळात वसलेल्या शहरात तो मद्रासकडून नेलेला होता. बांधकामातला दगड पाहून त्याचा मूळ मुलूख शोधायचा, ही रीत म्हणजे शाळकरी खेळ नव्हे. शास्त्रात तिला चांगला मान आहे.

अट एकच. देवळात हातोडी नाही, चाकूने ओरखडा नाही, आम्लाचा थेंब नाही. डोळे, भिंग आणि वही. थेंबाची हौस घरी भागवता येते. दारातल्या कोलमच्या पांढऱ्या भुकटीवर लिंबाचा रस पिळायचा. बुडबुडे आले तर ती चुनखडकाची, काहीच झालं नाही तर गारगोटीची किंवा तांदळाच्या पिठाची. घराघरांतले रगडे, उखळं, पाटे यांचीही यादी करावी. आपल्याकडचा पाटा काळ्या बेसाल्टचा असतो, इथला ग्रॅनाइटसारख्या कणीदार दगडाचा. हा फरक चटणीत लागतो का, यावर मी काही बोलणार नाही.

तंजावरच्या त्याच मोठ्या देवळात मराठी वाचकाने थांबावं अशी एक भिंत आहे. प्राकाराच्या नैर्ऋत्य बाजूला भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरलेला आहे. वर्ष १८०३, राजा दुसरा सरफोजी. व्यंकोजीराजांपासून १८५५पर्यंत तंजावरवर मराठ्यांचं राज्य होतं. बेसाल्टच्या मुलखातून आलेल्या या माणसांनी आपली वंशकथा कोरली ती परक्या, कितीतरी जुन्या दगडावर. दख्खनचा काळा पाषाण साडेसहा कोटी वर्षांचा, आणि हा शेकडो कोटी वर्षांचा. छिन्नी चालवणाऱ्याला ते माहीत असण्याचं कारण नव्हतं. अक्षरं मात्र अजून वाचता येतात, त्याचं थोडं श्रेय दगडाला द्यायलाच हवं.

याच सरफोजीने 'देवेंद्र कुरवंजी' नावाचं मराठी नाटक रचलं. कुरवंजी हा दक्षिणेतला गाण्या-नाचाचा प्रकार. त्यात डोंगरातली भविष्य सांगणारी बाई येते आणि नायिकेला चार गोष्टी सांगते. सरफोजीची कुरवंजी जगाचा भूगोल सांगते: खंड, देश, पर्वत, नद्या. भूगोल गाऊन, नाचून शिकवावा हे दोनशे वर्षांपूर्वी या भागातल्या एका मराठी माणसाला सुचलं होतं. मुलांना बाहेर नेऊन खडक शिकवण्याच्या कल्पनेला 'पाश्चात्त्य' म्हणणाऱ्यांनी एकदा तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाच्या याद्या चाळाव्यात.

आता खाली जाऊ. तिसरा पुरावा बोअरमध्ये आहे. पाण्यासाठी बोअर मारताना वर येणारा चिखल आणि वाळू बहुतेक ठिकाणी बाजूला फेकून देतात. दर दहा फुटांना त्यातली मूठभर घेऊन क्रमाने मांडून ठेवली की गावाखालचा उभा छेद तयार होतो. इतक्या फुटांवर पिवळी माती, त्याखाली जाड वाळू, मग काळी चिकणमाती. चिकणमातीत शिंपल्याचे तुकडे निघाले तर तिथे एकेकाळी खाजण किंवा समुद्र होता. शेजारच्या दोन-तीन बोअरांचे छेद शेजारी काढून सारखे थर रेषेने जोडायचे. विल्यम स्मिथने इंग्लंडचा जो प्रसिद्ध भूशास्त्रीय नकाशा १८१५मध्ये छापला, त्याची सुरुवात याच कामाने झाली होती. तो कालवे खणायच्या मोजणीवर होता आणि प्रत्येक कापात तेच थर त्याच क्रमाने येतात हे त्याच्या लक्षात आलं. कावेरीच्या खोऱ्यात कालव्यांची कमी नाही.

गावचा बोअर मात्र मूळ खडकापर्यंत पोचत नाही, जवळपासही नाही. तिथपर्यंत पोचले ते तेल शोधणारे. तेल आणि नैसर्गिक वायू महामंडळाने १९६४मध्ये कारैकलला पहिली खोल विहीर घेतली आणि त्यानंतर या सपाट भाताच्या मुलखाखाली काय दडलंय ते हळूहळू कळत गेलं. जे कळलं ते थक्क करणारं आहे. सुमारे तेरा कोटी वर्षांपूर्वी भारत, अंटार्क्टिका आणि श्रीलंका एकमेकांपासून सुटू लागले तेव्हा इथला कातळ ईशान्य-नैर्ऋत्य दिशेने फाटला. काही पट्टे खाली खचले, काही वर राहिले. खचलेल्या दऱ्यांमध्ये समुद्र शिरला, नद्यांनी गाळ ओतला, आणि सगळ्यात खोल दऱ्यांमध्ये त्याची जाडी पाच किलोमीटरच्या वर गेली. सह्याद्रीतलं सर्वांत उंच कळसूबाई १,६४६ मीटर आहे. म्हणजे अशी तीन कळसूबाई एकावर एक ठेवली तरी ती दरी भरायची नाही.

जे पट्टे वर राहिले ते आता गाडलेल्या डोंगररांगा आहेत. त्यातल्या एकीला भूशास्त्रज्ञ कुंभकोणम–मादानम कटक म्हणतात. तिच्या उत्तरेला अरियलूर–पुदुच्चेरीचा खोलगट भाग, दक्षिणेला तरंगंबाडीचा. कुंभकोणमच्या महामहम तलावात डुबकी मारणारे लाखो भाविक एका डोंगररांगेच्या वर उभे असतात, आणि त्यांच्या पायाखाली एकसुद्धा दगड नसतो! मादानमजवळ या गाडलेल्या कातळाच्या भेगांतून तेलही मिळालं आहे. २०२०मध्ये तमिळनाडूने कायदा करून त्रिभुज प्रदेशाला संरक्षित शेतीक्षेत्र ठरवलं. त्यामागे अशा विहिरींबद्दल शेतकऱ्यांच्या मनात साचलेली भीतीही होती. मुलांना शिकवताना हा भाग गाळू नये. खाली काय आहे हे कळलं की ते कुणी काढायचं आणि काढायचं का, हे प्रश्न लगेच येतात.

न दिसणारी डोंगररांग सापडते कशी? एक उपाय म्हणजे जमिनीत धक्का देऊन परत येणारे पडसाद मोजायचे. मऊ गाळातून लहर सेकंदाला साधारण दोन किलोमीटर जाते, कातळातून सहाच्या आसपास. दुसरा उपाय मला जास्त आवडतो, तो वजनाचा. कातळ गाळापेक्षा जड असतो. तो जमिनीच्या जवळ असेल तिथे पृथ्वीची ओढ किंचित जास्त, दरीच्या जागी किंचित कमी. हा फरक मिलिगॅलमध्ये मोजतात. एक मिलिगॅल म्हणजे साधारण दहा लाखांत एक भाग. दोन गावांत दहा मिलिगॅलचा फरक असेल तर पन्नास किलोच्या मुलीचं वजन स्प्रिंगच्या काट्यावर अर्ध्या ग्रॅमने बदलेल. तिला ते जाणवणार नाही, पण चांगल्या गुरुत्वमापकाला जाणवतं. आगगाडीत बसून कुंभकोणमहून मयिलाडुतुरैला जाणारा प्रत्येक माणूस असा कणभर हलका-जड होत असतो.

एवढं झालं की मुलांना गावाबाहेर काढायची वेळ येते, आणि इथे कावेरीचं खोरं खरी मेजवानी देतं. गाडलेले थर सपाट नाहीत. ते पूर्वेकडे, समुद्राच्या दिशेने हलके कललेले आहेत. पत्त्यांचा कॅट टेबलावर तिरका सरकवला की प्रत्येक पत्त्याची कड उघडी पडते, तसे हे थर पश्चिमेला एकामागून एक जमिनीवर येतात. त्यामुळे कुंभकोणमहून निघून कोळ्ळिडम नदी ओलांडायची आणि वायव्येला जायचं, की आपण जमिनीवरूनच काळात खाली उतरत जातो. गंगैकोंडचोळपुरमच्या आसपास माती लाल होते, तो गाळाहून जुना वालुकाश्म. अरियलूरजवळ चुनखडक. तिथल्या सिमेंट कारखान्यांच्या खाणींत जाडजूड, वाकड्या चोचीच्या शिंपल्यांचे थरच्या थर आहेत. त्यांचं वय सात कोटी वर्षांच्या आसपास. समुद्र इथून पन्नासहून अधिक किलोमीटर लांब आहे आणि सिमेंटच्या पोत्यात त्याचे शिंपले भरले जात आहेत.

आणखी पश्चिमेला कारै गाव. तिथे जमीन एकदम उघडीबोडकी होते, पिवळ्या-तांबड्या चिकणमातीच्या घळी आणि सुळके. पावसाने मातीत हजारो ओघळ पाडले आहेत आणि त्यांतून जिप्समचे पापुद्रे उन्हात काचेसारखे चमकतात. मान खाली घालून दहा मिनिटं चाललं तरी बोटभर लांब, बंदुकीच्या गोळीसारख्या टोकदार कांड्या सापडतात. त्या बेलेम्नाइटच्या, माकूळाच्या नामशेष झालेल्या नातेवाइकाच्या. नशीब चांगलं असेल तर गुंडाळलेला अमोनाइटही दिसतो. वय दहा कोटी वर्षांच्या आगेमागे. जवळच सात्तनूरला अठरा मीटर लांबीचं दगड झालेलं झाडाचं खोड आडवं पडलं आहे. भूशास्त्रज्ञ एम. एस. कृष्णन यांनी १९४०मध्ये ते प्रथम नोंदवलं, आणि आज ते राष्ट्रीय भूवारसा स्थळ आहे. लाकूड वाहत समुद्रात आलं, तळाच्या गाळात रुतलं आणि त्याच्या पेशीपेशीत खनिज भरलं. पेरम्बलूरच्या बाजूला सरकलं की थर संपतात आणि कातळ लागतो, खराखुरा, पट्टेदार नाइस. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या खाली गाडलेल्या रांगेचाच हा भाऊबंद.

हा सगळा पट्टा पहिल्यांदा नीट नकाशावर आणला हेन्री ब्लॅनफर्डने. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण १८५१मध्ये सुरू झालं. ब्लॅनफर्ड त्यात १८५५ला आला, आणि १८५७ ते १८६० या काळात त्याने तिरुचिरापल्ली-अरियलूरचा मुलूख पिंजून काढला. काम सुरू केलं तेव्हा त्याचं वय तेवीस, म्हणजे आजच्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याएवढं. त्याने थरांचे तीन गट पाडले: उत्तत्तूर, तिरुचिरापल्ली आणि अरियलूर. पुढच्यांनी त्यात उपगट पाडले, सीमा सरकवल्या, पण चौकट अजून तीच आहे. जीवाश्मांचं वर्णन फर्डिनांड स्टोलिझ्काने वर्षानुवर्षं केलं. ब्लॅनफर्ड पुढे भारताच्या हवामान खात्याचा पहिला प्रमुख झाला. माणूस खडकातून पावसाकडे गेला! कावेरीच्या मुलखात काम केलेल्या माणसाला ही दोन खाती फार वेगळी वाटली नसावीत.

या पट्ट्यात मराठी मुलाने मुद्दाम पाहावी अशी जागा निनियूरच्या आसपास आहे. अरियलूर गटाच्या वरच्या थरांत डायनोसॉरची हाडं मिळाली आहेत. त्याच्यावरच्या निनियूरच्या चुनखडकात डायनोसॉर नाहीत, अमोनाइटही नाहीत. दोन्हींच्या मध्ये साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ती प्रसिद्ध सीमा येते. नेमक्या त्याच काळात आजच्या महाराष्ट्रात लाव्ह्याचे लोट एकावर एक पसरत होते. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा रचला जात होता तेव्हा निनियूरला उथळ समुद्रात शेवाळ आणि शिंपले चुना साठवत होते. पुण्याच्या मुलाने काढलेला सह्याद्रीचा छेद आणि कुंभकोणमच्या मुलाने काढलेला अरियलूरचा छेद वर्गात शेजारी टांगले, तर दोघांच्या कागदावर एकच आडवी रेघ मारता येईल.

सहलीचे नियम साधे आहेत. फेब्रुवारीत जावं, मार्चनंतर कारैत सावली औषधाला मिळत नाही. खाणीत परवानगीशिवाय पाऊल टाकू नये. जीवाश्मांचे फोटो काढावेत, मोजमाप घ्यावं आणि ते जागेवर ठेवावेत. एकेका शाळेने खिसा भरून नेलं तर दहा वर्षांत कारैत फक्त जिप्सम उरेल. वाराणवासीला जीवाश्मांचं संग्रहालय आहे, हात लावायची इच्छा तिथे आवरता येते. सर्वेक्षणाचे नकाशे 'भूकोश' या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतात. पण ते परत आल्यावर उघडावेत, आधी नाही. आधी उघडले की मुलं नकाशावरचा रंग जमिनीवर शोधत बसतात आणि जमीन बघायची राहून जाते.

परत आल्यावर काढायचा तो गावाचा नकाशा. भूशास्त्रीय नकाशात रेषांची एक शिस्त असते. सीमा डोळ्यांनी पाहिली असेल तर अखंड रेघ, अंदाजाने काढली असेल तर तुटक, आणि गाळाखाली दडली असेल तर ठिपक्यांची. सुंदरपेरुमाळ कोयिलच्या मुलांचा नकाशा जवळजवळ सगळा ठिपक्यांचाच होईल: कटकाची कड, दरीची उतरण, चुनखडकाची खालची वाट. कुठलाही ठिपका कायमचा नाही. नवा छेद मिळाला की वरच्या थरांचे काही ठिपके खोडून थोडे डावी-उजवीकडे न्यावे लागतात. म्हणून गावात बोअरची गाडी आली की मालकाने पूजेच्या नारळाबरोबर शाळेतही निरोप धाडावा. पहिली मूठ वर यायच्या आत मुलं प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि मार्कर घेऊन तिथे हजर असली पाहिजेत. बोअरवाला वाट पाहत नाही.